परत पुण्यात, पण नेमकं कुठे?

परदेशात वीस-पंचवीस वर्षं काढून पुण्यात कायमचं राहायला येणाऱ्यांच्या तक्रारी आता ऐकणाऱ्यालाही पाठ झाल्या आहेत. ट्रॅफिक, हॉर्न, टेकड्यांवर चढलेल्या इमारती, लक्ष्मी रोडला गाडी लावायला जागा नाही, दुकानात मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर. यातलं खोटं काहीच नाही. पण गंमत अशी की या यादीत दोष कायम दुसऱ्याचा असतो: बाहेरून आलेल्यांचा, बिल्डरांचा, नगरसेवकांचा. तक्रार करणारा जाताना होता तसाच परत आलेला असतो आणि त्याच्या माघारी शहर तेवढं बिघडलेलं असतं.

मोठा बदल या यादीत सापडत नाही. ज्या मध्यमवर्गातून मुलं परदेशी गेली, त्याच मध्यमवर्गानं इथे राहून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शहराच्या सामाईक गोष्टींतून एकेक करून अंग काढून घेतलं. महापालिकेची शाळा सुटली, मग बस सुटली. ससून या सरकारी रुग्णालयाशी संबंध उरला तो अपघाताची केस झाली तरच. आणि आता नळाच्या पाण्यावाचूनही भागवायची तयारी झाली आहे. प्रत्येक वेळचं कारण पटण्यासारखंच होतं. पोराला चांगली शाळा मिळाली तर कोण सोडेल? पण सगळ्यांनी मिळून केलेल्या या शहाणपणाचा परिणाम असा की या सेवा ज्यांच्यासाठी उरल्या त्यांच्या बोलण्याला महापालिकेत वजन नाही, आणि ज्यांच्या बोलण्याला वजन आहे त्यांचं त्या सेवांवाचून काही अडत नाही.

परतणारी कुटुंबं नेमकी या टप्प्यावर येतात. डॉलरची पुंजी हाताशी असल्यामुळे उरलेसुरले धागे तोडणं त्यांना इथल्या शेजाऱ्यापेक्षाही सोपं जातं. माझं म्हणणं इतकंच की ती सोय त्यांनी पुरती पत्करू नये. देशप्रेम, मातीची ओढ वगैरे बाजूला ठेवू. हिशेब मांडला तरी हेच निघतं.

त्याआधी वाड्याचं एकदा निकालात काढलेलं बरं, कारण 'तेव्हाचं पुणं' म्हटलं की वाडा येतोच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पेठा सोडून पसरायला पुण्यानं तेव्हाच सुरुवात केली, हिंजवडीत आयटी पार्क यायच्या कितीतरी आधी. जे वाडे उरले त्यांचं भाडं १९४७ च्या कायद्यानं गोठलेलं. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, आणि मागच्या बाजूला दहा बिऱ्हाडांत दोन संडास. ज्यांना जमलं ते कोथरूडला, बिबवेवाडीला ब्लॉक घेऊन बाहेर पडले आणि सुटकेचा श्वास सोडला. आज त्याच घरांतली मुलं वाड्याच्या आठवणी काढतात.

शिवाय वाडा सगळ्यांचा नव्हता. पर्वतीच्या देवळाचं दार उघडावं म्हणून अस्पृश्यांना १९२९ मध्ये सत्याग्रह करावा लागला होता. फुले दांपत्यानं १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर, दुकानं आणि खटले यांच्या तिढ्यात वर्षानुवर्षं मोडत राहिला. स्मारकासाठी जागा ताब्यात आली आणि वाडा उतरवला गेला तो डिसेंबर २०२३ मध्ये. वाडासंस्कृतीचे गोडवे गाणारे रोज समोरच्या गणपतीला हात जोडून जात होते. त्यातल्या कितीजणांनी मान वळवली हे विचारायला हरकत नाही.

आता पाण्याकडे येऊ. बदल कसा झाला ते इथे आकड्यांतच दिसतं. महापालिका हद्दीची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे १५.६७ लाख होती, २०११ मध्ये ३१.२४ लाख झाली. वीस वर्षांत दुप्पट. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पाणी, बस, कचरा या सगळ्याचं गणित अंदाजावर चालू आहे. दरम्यान २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी २३. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे पुन्हा बाहेर काढली. धरणं मात्र मुख्यतः तीच चार: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. मिळून साठा सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्याच पाण्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती कालव्यानं भिजते. पुण्याला जास्त पाणी द्यायचं तर ते कुणाच्या तरी पाटातून येतं, हे बाणेरच्या फ्लॅटमध्ये बसून लक्षात राहत नाही.

गावं हद्दीत आली तेव्हा इमारती आधीच उभ्या होत्या आणि जलवाहिन्या नव्हत्या. तिथे परवानगी देताना, महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवण्याची हमी बिल्डरकडून लिहून घ्यायची पद्धत पडली. सोसायटी स्थापन होऊन बिल्डर बाहेर पडला की ती हमी कागदावर राहते आणि टँकरचं बिल सभासदांच्या गळ्यात येतं. हिशेब असा. २०० फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर या सरकारी मापानं रोजची गरज १ लाख ८ हजार लिटर. १० हजार लिटरचा टँकर धरला तर रोज ११ टँकर. टँकरला हजारच रुपये धरले तरी महिन्याला ३ लाख ३० हजार, म्हणजे फ्लॅटमागे १,६५०. हे अर्थातच सगळं पाणी टँकरचं असेल तर. बोअर आणि थोडंसं नळाचं पाणी असेल तर कमी. पण एप्रिल-मेमध्ये बोअर आटतात आणि टँकरवाला दर वाढवतो, नेमकं एकाच वेळी. म्हणून फ्लॅट बघायला दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांनी नमुना फ्लॅटमधल्या किचन ट्रॉल्या उघडून बघण्यापेक्षा सोसायटीच्या ऑफिसात बसून मागच्या एप्रिल आणि मेची टँकरची व्हाउचरं मागावीत. सेक्रेटरीनं दाखवायला टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच.

इथे नेहमीचा युक्तिवाद असा येतो: पैसे देऊ, पण पाणी चांगलं मिळेल ना? जानेवारी २०२५ मध्ये त्याचंही उत्तर मिळालं. सिंहगड रोडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या नव्यानं हद्दीत आलेल्या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले. संशय दूषित पाण्यावर गेला. त्या भागाला विहिरीतून पुरवठा होता, आणि त्यावर प्रक्रिया म्हणाल तर क्लोरीन घालण्यापुरती. धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून गाळून येतं तशी व्यवस्था तिथे पोचलीच नव्हती. पुढे तपासणीत खासगी आरओ प्लांट आणि टँकरही दोषी निघाले. म्हणजे जारचं पाणी विकत घेणारा आणि गावठाणातल्या नळावर हंडा लावणारा, दोघं शेवटी एकाच भूजलावर. आरओचा एक दोष लोकांना ठाऊक नसतो: पाण्यात उरलेलं क्लोरीन तो काढून टाकतो. मग ते पाणी न धुतलेल्या जारमध्ये दोन दिवस राहिलं की त्यात जंतू वाढायला कुणाची आडकाठी नाही.

सोसायटीनं करायचं काम अवघड नाही, कुणी करत नाही एवढंच. टँकर टाकीत रिकामा होण्याआधी आणि आठवड्यातून एकदा शेवटच्या मजल्यावरच्या नळावर क्लोरीन तपासायचं. क्लोरोस्कोप नावाचं छोटं किट मिळतं. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकले की पिवळसर रंग येतो, तो तक्त्याशी ताडून बघायचा. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवं. रंग आलाच नाही तर पाण्यात क्लोरीन नाही असं समजून चालायचं. १० हजार लिटरला ब्लीचिंग पावडर साधारण ४० ग्रॅम लागते, ताजी आणि बंद डब्यातली असेल तर. पिशवी उघडी राहिलेली पावडर महिन्याभरात मरते, आणि वॉचमन तीच मुठीनं टाकत राहतो. पावडर थेट टाकीतही टाकायची नसते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि अर्धा तास थांबून मग पंप लावायचा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्च होतं, म्हणून आधी टाकी धुणं आलं. ही एवढीशी गोष्ट ज्या सोसायटीत चाळीस इंजिनिअर राहतात तिथेही होत नाही, याचं मला नवल वाटतं. कदाचित चाळीस इंजिनिअर राहतात म्हणूनच होत नसेल.

हीच कथा सांडपाण्याची. मोठ्या गृहप्रकल्पांना स्वतःचा सांडपाणी प्रकल्प, सगळे ज्याला एसटीपी म्हणतात तो, बांधावाच लागतो. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरावं म्हणून वेगळी पाइपलाइनही टाकलेली असते. प्रकल्पात ब्लोअर चोवीस तास हवा फुंकत असतो, त्या हवेवर जिवाणू जगतात आणि ते मैला खातात. वीजबिल वाचवायला कुणीतरी सभेत सुचवतं की रात्री ब्लोअर बंद ठेवू. दोन-चार दिवसांत जिवाणू मरतात, पाणी काळं पडतं, तळमजल्याला वास येतो, फ्लशच्या टाकीत फेस येतो. मग तक्रारी, मग फ्लशला टँकरचं पाणी, आणि मैलापाणी गुपचूप बाजूच्या नाल्यात. प्रकल्प पुन्हा उभा करायला दुसरीकडचा जिवंत गाळ किंवा शेणकाला घालून दोन-तीन आठवडे वाट बघावी लागते. नेहमीच्या हवा फुंकण्याच्या प्रकल्पात तब्येत ओळखायची खूण सोपी आहे: हवेच्या टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी दोन-तीनशे मिलिलिटर तपकिरी गाळ बसला आणि वर नितळ पाणी दिसलं तर ठीक. काळा आणि सडका वास असेल तर हवा बंद आहे. मुठा-मुळेला नावं ठेवण्याआधी आपल्या तळघरातलं हे मोजपात्र बघायला हवं. नदीकाठ सुशोभित करण्यावरून शहरात बराच वाद झाला, व्हायलाही हवा. पण नाल्याच्या तोंडाशी आपली स्वतःची पाइप आहे ही गोष्ट त्या वादात दोन्ही बाजूंनी सांभाळून टाळली जाते.

मेंटेनन्सचं थोडक्यात. फ्लॅटमागे महिन्याला साडेसात हजारांच्या वर गेलं आणि सोसायटीची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या वर असली की १८ टक्के जीएसटी लागतो. मिळकतकर वेगळा. म्हणजे रस्ता, पाणी, कचरा, सुरक्षा यांचे पैसे एकदा महापालिकेला, एकदा सोसायटीला, आणि दुसऱ्या वेळच्या पैशांवर सरकारला कर. 'आम्ही टॅक्स भरतो' हे वाक्य इथे फार ऐकू येतं आणि ते खरंच आहे. पण दोनदा पैसे मोजणाऱ्यानं पहिल्यांदा मोजलेल्यांचा हिशेब मागायचा सोडून दिला, तर महापालिकेला तरी घाई कसली?

यावर मगरपट्ट्याचं उदाहरण हमखास देतात, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. सुमारे ४०० एकर, सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, जमीन विकून मोकळं होण्याऐवजी ती एकत्र करून त्यांनी स्वतःच नगर वसवलं आणि भागधारक राहिले. पुण्याच्या चारी बाजूंना गुंठ्यानं जमिनी गेल्या आणि पैसा पाच वर्षांत गाड्यांत, लग्नांत संपला, त्या पार्श्वभूमीवर हे मोठंच काम. पण ते जमलं कारण जमीन सलग होती आणि मालक नात्यागोत्यातले. कात्रजच्या चढावरच्या अर्ध्या गुंठ्याच्या घरांना तो मार्ग नाही. आणि मगरपट्ट्यातून बाहेर पडलं की हडपसरचा उड्डाणपूल लागतोच. गेटच्या आतला रस्ता कितीही गुळगुळीत असो, माणूस रोज दोनदा गेटबाहेर येतो.

बसचंही तसंच. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेचा, पहिला पट्टा कात्रज-स्वारगेट-हडपसर २००६ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्याची रया गेली. मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोचली. मेट्रोत परतलेला माणूस आनंदानं बसतो, फोटो काढतो. तिथे त्याला परदेशातल्यासारखं वाटतं. स्टेशनपासून घरापर्यंतच्या दीड किलोमीटरसाठी लागणारी बस आणि सलग फुटपाथ यांबद्दल मात्र त्याच्या मनात प्रश्नच येत नाही, कारण तेवढ्यासाठी ड्रायव्हर ठेवलेला असतो.

परतण्याच्या कागदपत्रांबद्दल आता थोडं, कारण समाज किती बदलला हे तिथेही कळतं. जुन्या पुण्यात बँकेत खातं उघडायला ओळखीचा खातेदार सही करायचा. आता ओळख म्हणजे मोबाइल नंबर. आधार, बँक, गॅस, वीज, मिळकतकर, हॉस्पिटल, सोसायटीचं गेट, सगळ्यांचा ओटीपी त्याच नंबरावर. परदेशी असताना रिचार्ज न केलेला भारतीय नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्याला दिला जातो; मग तुमच्या बँकेचा ओटीपी भलत्याच गृहस्थाला. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी स्वतःच्या नावाचं सिमकार्ड, मग आधारमध्ये नंबर आणि पत्ता, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी बाकीचं. क्रम उलटा केला की प्रत्येक खिडकीवर मागच्या खिडकीचा कागद मागतात. पॅनचं एक ध्यानात ठेवावं: १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेली पॅनकार्डं निष्क्रिय झाली. अनिवासींना जोडणीतून सूट होती, पण प्राप्तिकर खात्याकडे 'अनिवासी' अशी नोंदच नसलेल्या अनेकांची कार्डं त्यात सापडली. एनआरई, एनआरओ ही अनिवासींची खाती परत येताच निवासी करून घ्यायची असतात, 'बघू नंतर' म्हणून चालत नाही. एफसीएनआर, म्हणजे परदेशी चलनातली ठेव, मुदतीपर्यंत राहू शकते. ज्येष्ठांच्या फ्लॅटसाठी परदेशातून केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. चुलतभावाच्या कपाटात ते वर्षभर पडून राहतं आणि नोंदणीच्या दिवशी अडतं. हे फार नेहमीचं आहे. फार्महाऊससाठी मुळशी-पानशेतकडे जमीन बघणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बघाव्यात: महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाला, ती विकत घेताच येत नाही, वारशानं आली तर गोष्ट वेगळी. एजंट ही अट व्यवहार झाल्यावर सांगतो.

आईवडिलांच्या जुन्या इमारतीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर इथे तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या, वरच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातले सभासद, आणि त्यांची मुलं न्यू जर्सीत किंवा सिंगापूरमध्ये. पुनर्विकासाचा विषय आला की मतं ती मुलं फोनवरून ठरवतात. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांप्रमाणे विशेष सभेला दोन-तृतीयांश गणसंख्या, ५१ टक्क्यांची संमती, सभेचं चित्रीकरण आणि विकसकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी लागते. यातली बँक हमी हाच सगळ्यांत महत्त्वाचा कागद आणि त्यावरच सगळ्यांत कमी बोललं जातं. चर्चा चालते ती जादा चौरस फुटांवर. दूर बसलेल्या मुलाला चौरस फूट कळतात. खालच्या किराणावाल्याकडून महिन्याचं सामान वर येतं, शेजारच्या काकू रात्री बेल वाजवून बघतात, हे त्याच्या एक्सेल शीटमध्ये येत नाही. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात, अनोळखी भागात काढताना म्हातारी माणसं खचतात. म्हणून भाड्याचं घर त्याच गल्लीत, निदान त्याच भाजीवाल्याच्या टप्प्यात मिळेल अशी अट विकसकाच्या भाड्याच्या रकमेत बसवून घेणं हे दोनशे चौरस फुटांपेक्षा मोलाचं आहे. घर मुलांच्या नावे करणाऱ्या आईवडिलांनी सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार दस्त रद्द करून घ्यायची वेळ आली तर त्या एका वाक्यावर बरंच अवलंबून असतं.

बहुतेक लोक परततात ते आईवडिलांसाठीच, असं सांगितलं जातं. आल्यावर सांभाळ कोण करतं? सेविका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली बाई. ती बीड, परभणी, लातूर, नांदेडकडची असण्याची शक्यता मोठी. घरची कोरडवाहू, नवरा बांधकामावर, पोरं गावाकडे सासूपाशी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. हे चोवीस तास एकटीनं करणं अशक्य आहे. तरी 'चोवीस तासांची बाई' एकच ठेवली जाते, रात्री ती झोपली म्हणून बोलणी खाते, आणि जखम झाल्यावर ब्युरोला फोन जातो. बारा-बारा तासांच्या दोघी ठेवायच्या, दोघींच्या मध्ये अर्धा तास हस्तांतरणाचा, औषधं आणि लघवीचं प्रमाण वहीत लिहिलेलं, हा कमीतकमी नियम. तिची सुट्टी गौरी-गणपतीला, दिवाळीला आणि जूनच्या पेरणीला येणार हे आधीच धरून चालावं. त्या दिवसांत ती तिच्या घरच्या म्हाताऱ्यांकडे गेलेली असते. लेकरू आईबापांपाशी असावं म्हणून अमेरिका सोडणाऱ्याला तिच्या सुट्टीचा राग का यावा? २००८ च्या कायद्यानं राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. तिची नोंदणी झाली का, हे आपल्या ओळखीच्या दहा घरांत विचारून बघा.

भाड्यानं घर देताना जे चालतं त्यावर दोन ओळी पुरेत. मुस्लिमांना नको, एकट्या बाईला नको, मांसाहारी नको. परदेशात घर मिळवताना आडनावामुळे अडलेल्यांनी तरी सोसायटीच्या सभेत अशा अलिखित नियमाला हात वर करू नये.

आणि आता गेटच्या बाहेरची कामं. ज्या काळजीनं परतीची तारीख प्राप्तिकरासाठी आखली जाते, दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी होतो का, सात वर्षांत ७२९ दिवसांच्या वर मुक्काम झाला का, त्याच्या शतांश काळजीनं मतदारयादी बघितली जात नाही. पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती शहर, आणि गेटच्या आत कुणाच्या दिनक्रमात फरक पडला नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर मतदारनोंदणीचा नमुना ६ भरावा. वर्षातून चार अर्हता दिनांक (त्या तारखेला १८ वर्षं पूर्ण लागतात) असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. जानेवारी २०२६ च्या मतदानाला आधीच्या १ जुलैची विधानसभेची यादी वापरली गेली. प्रभागात साधारण चार नगरसेवक, त्यामुळे पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन गेलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चौघांनाही एकच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

घर स्वतः राहण्यासाठी असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. ती मध्यंतरी काढून घेतली होती, २०२३ मध्ये परत मिळाली. त्यासाठी पीटी-३ अर्ज, सोसायटीचं 'मालक स्वतः राहतात' असं पत्र आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा गॅसकार्ड यांसारखा पुरावा क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो. ही सवलत घ्यायला माणूस क्षेत्रीय कार्यालयात जातोच. त्याच फेरीत नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाचं विचारावं. ही पद्धत पुण्यात २००६-०७ पासून आहे, पाच लाखांपर्यंतचं काम कुणीही सुचवू शकतं. ओसीआयवाल्याला मत नाही, माहिती अधिकारही नाही, कारण तो नागरिकांसाठी आहे. पण सोसायटीचा सभासद म्हणून तो सभेत ठराव मांडू शकतो आणि सोसायटीच्या पत्रावर सूचना जाऊ शकते. सूचना बाकांची आणि पेव्हर ब्लॉकची नको. शेजारच्या वस्तीच्या नळावर क्लोरीन तपासणीचं ठिकाण, बसथांब्यापासून शाळेपर्यंत तुटलेला फुटपाथ जोडणं, गल्लीतल्या गळक्या व्हॉल्व्हची दुरुस्ती, असं काहीतरी मागावं. सोबत जागेचा फोटो आणि मोजमाप जोडावं, कारण मोजमाप नसलेली सूचना 'तांत्रिकदृष्ट्या अपूर्ण' म्हणून पहिल्याच टेबलावर बाजूला पडते.